लॉट तिप्पट झाला तेव्हा: एका एफ अँड ओ खात्याचं प्रकरण

(कुटुंबाच्या परवानगीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

धाकट्याचं वय २८. सांगलीजवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो प्रॉडक्शन इंजिनिअर आहे, हातात पगार येतो ३४,००० रुपये. वडील नाहीत. आई त्याच्याजवळ राहते, थोरला भाऊ आणि वहिनी पुण्यात. घर स्वतःचं, डोक्यावर कर्ज नाही. शनिवार-रविवार ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांना कॅड ड्रॉइंग करून देऊन वरखर्चाचे चार-पाच हजार सुटतात. खाऊन-पिऊन सुखी म्हणतात तसं घर.

ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने डिमॅट खातं उघडलं आणि त्याच आठवड्यात फ्युचर्स-ऑप्शन्सचा (एफ अँड ओ) सेगमेंट, म्हणजे शेअर किंवा निर्देशांक पुढे कुठे जाईल यावर मुदतीचे करार करण्याची सोय, सुरू करून घेतला. त्यासाठी उत्पन्नाचा पुरावा लागतो. त्याने बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट अपलोड केलं आणि दुसऱ्या दिवशी सेगमेंट चालू झाला. पगार किती, घरात कोण अवलंबून, किती तोटा झेपेल, असं कोणीही विचारलं नाही. स्टेटमेंटवर पगार जमा होताना दिसला, तेवढं पुरलं.

इशारा मात्र रोज मिळत होता. १ जुलै २०२३ पासून ब्रोकरने लॉगिनच्या वेळी ग्राहकाला दाखवायचंच असतं की इक्विटी एफ अँड ओमध्ये दहापैकी नऊ जणांना निव्वळ तोटा होतो. सेबी या शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने २०२१-२२ या वर्षाचा अभ्यास केला होता, त्यात ८९ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात निघाले होते. त्यावरून ही सक्ती आली. धाकट्याला ते वाक्य पाठ आहे. रोज सकाळी सव्वानऊच्या आधी ते समोर यायचं आणि तो खालचं बटण दाबून पुढे जायचा. "मला वाटायचं, नऊ जण शिकत नाहीत म्हणून हरतात," असं तो म्हणाला.

त्या काळी आठवड्याचा एकही दिवस एक्स्पायरीशिवाय, म्हणजे कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाचे करार संपल्याशिवाय, जात नसे. सोमवारी मिडकॅप सिलेक्ट आणि बँकेक्स, मंगळवारी फिननिफ्टी, बुधवारी बँक निफ्टी, गुरुवारी निफ्टी, शुक्रवारी सेन्सेक्स. संपायला आलेल्या ऑप्शनचा प्रीमियम (घेण्याची किंमत) कमी असतो, त्यामुळे हजार-दीड हजारात एक लॉट, म्हणजे एकदम घ्यावा लागणारा किमान गठ्ठा, हातात यायचा. दुपारी दीडनंतर घेतलेला दहा रुपयांचा कॉल (निर्देशांक वाढेल यावर लावलेला ऑप्शन) तीनपर्यंत साठ रुपयांवर जाऊ शकतो किंवा शून्यावर. याला बाजारात ‘झिरो टू हिरो’ म्हणतात. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत चार-पाच जण मोबाइल घेऊन हेच करायचे.

अडचण कुठे होती

मी कर सल्लागार आहे. दोघे भाऊ जून २०२५ मध्ये विवरणपत्र भरायला म्हणून आले, तेव्हा मी पहिल्यांदा ब्रोकरचं टॅक्स पी अँड एल (करासाठीचा नफा-तोट्याचा अहवाल) काढायला सांगितलं. धाकट्याच्या मते २०२३-२४ मध्ये त्याचे ८८,००० रुपये गेले होते. अ‍ॅपवर लाल अक्षरात तोच आकडा दिसत होता. पण तो आकडा शुल्क धरण्याआधीचा. ब्रोकरेज, जीएसटी, एसटीटी (शेअर व्यवहारांवरचा कर), एक्स्चेंजचं शुल्क आणि स्टँप ड्युटी मिळून आणखी ५८,००० रुपये गेले होते. म्हणजे खरा तोटा १,४६,०००.

हे ५८,००० कुठून आले ते त्याला पटेना. मग एक दिवस उघडला. मंगळवार, फिननिफ्टीची एक्स्पायरी. सोळा ऑर्डर. एका ऑर्डरला २० रुपये ब्रोकरेज, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे. नुसत्या ब्रोकरेजचेच ३७७ रुपये झाले. त्या दिवशी त्याला ट्रेडमध्ये २१० रुपये नफा होता आणि त्याने तो दिवस ‘हिरवा’ म्हणून वहीत लिहून ठेवला होता. वही नीट ठेवलेली, तारीख, स्ट्राइक (करारात ठरलेली निर्देशांकाची पातळी), घेतल्याचा भाव, विकल्याचा भाव. शुल्काचा रकाना तेवढा नव्हता.

माझ्या मते या प्रकरणातला पहिला खरा निर्णयाचा क्षण मार्च २०२४ चा. वर्ष संपत होतं, चार महिन्यांहून जास्त पगार गेला होता, कर्ज काढलेलं नव्हतं. तिथे थांबला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आकडाच चुकीचा दिसत होता, आणि अठ्ठ्याऐंशी हजार ‘दोन चांगल्या महिन्यांत निघतील’ असा हिशेब होता. तो काही एकटा नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये तीन वर्षांचा अभ्यास जाहीर केला, त्यानुसार सलग दोन वर्षं तोटा होऊनही पंचाहत्तर टक्क्यांहून जास्त लोक ट्रेडिंग करतच राहिले. त्याच अभ्यासात एक कोटीहून अधिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. २०२३-२४ मध्ये तीस वर्षांखालच्या ट्रेडरांचं प्रमाण ४३ टक्के. तीन चतुर्थांश लोकांचं जाहीर उत्पन्न वर्षाला पाच लाखांच्या आत. धाकटा या प्रत्येक ओळीत बसतो.

नियम बदलले तेव्हा

सेबीने ३० जुलै २०२४ ला प्रस्ताव मांडून सूचना मागवल्या आणि १ ऑक्टोबरला सहा उपायांचं परिपत्रक काढलं. धाकट्यापर्यंत पोहोचलेले त्यातले तीन.

पहिला, साप्ताहिक एक्स्पायरी प्रत्येक एक्स्चेंजला एकाच निर्देशांकाची. २० नोव्हेंबर २०२४ पासून एनएसईकडे निफ्टी राहिली, बीएसईकडे सेन्सेक्स. बँक निफ्टी, फिननिफ्टी, मिडकॅप सिलेक्ट यांचे साप्ताहिक करार बंद झाले. दुसरा, करार सुरू करताना त्याची किंमत किमान १५ लाख असली पाहिजे. आधी ही मर्यादा ५ ते १० लाख होती. म्हणून निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. तिसरा, एक्स्पायरीच्या दिवशी ऑप्शन विकून बसलेल्याकडून करारमूल्याच्या दोन टक्के जादा मार्जिन, म्हणजे ब्रोकरकडे ठेवायची अनामत. उरलेले तीन म्हणजे प्रीमियम आगाऊ घेणं, एक्स्पायरीच्या दिवशी कॅलेंडर स्प्रेडची (वेगवेगळ्या मुदतींच्या सौद्यांच्या जोडीची) सवलत काढणं आणि पोझिशन मर्यादेवर दिवसभर नजर ठेवणं. हे उपाय ब्रोकर आणि मोठ्या खेळाडूंसाठी महत्त्वाचे, याच्या खात्यावर त्यांचा ओरखडाही उठला नाही.

एक्स्पायरी कमी झाल्याचा परिणाम लगेच दिसला. डिसेंबर २०२४ मधल्या त्याच्या ऑर्डर ऑक्टोबरच्या निम्म्यावर आल्या. सोमवारी, बुधवारी खेळायला काही उरलंच नव्हतं. शुल्कही त्याच प्रमाणात उतरलं. त्याच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी ठरलेला नियम हाच, असं मी खात्याचा उतारा बघून ठामपणे म्हणेन.

लॉट वाढल्याचा परिणाम मात्र उलटा झाला. आधी ४० रुपयांचा ऑप्शन २५ च्या लॉटमध्ये १,००० रुपयांना यायचा. जानेवारी २०२५ पासून साप्ताहिक निफ्टीत ७५ चा लॉट आला, तोच ऑप्शन ३,००० ला. सेबीचा हेतू उघड होता, ज्याचा खिसा लहान त्याने या बाजारात येऊ नये. पण खिसा लहान असलेल्याकडे दारातून मागे फिरण्याखेरीज आणखी दोन वाटा असतात. एक, लांबचा स्ट्राइक घ्यायचा, जिथे प्रीमियम १०-१२ रुपये आहे. मग ७५ चा लॉटही पुन्हा आठशे-नऊशेला येतो, फक्त तो शून्यावर जाण्याची शक्यता कितीतरी वाढते. दुसरी वाट, खिसा मोठा करायचा.

धाकट्याने तीन आठवडे पहिली वाट धरली. त्या तीन आठवड्यांतला एकही ऑप्शन पैसे देऊन गेला नाही. मग तो दुसरीकडे वळला.

कर्ज, ग्रुप आणि ७ एप्रिल

टेलिग्रामवर एक ग्रुप होता. चालवणारा स्वतःला ‘सर’ म्हणवून घ्यायचा, रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकायचा. त्याचं म्हणणं, ‘घेणारे हरतात, विकणारे जिंकतात. ऑप्शन सेलिंग करा.’ फी १२,००० रुपये. यात अर्धसत्य आहे, म्हणून ते पटतं. विकणारा बहुतेक आठवडे थोडे थोडे पैसे कमावतो, आणि एखाद्या आठवड्यात सगळे परत करतो, वर पदरचे घालतो. मोठ्या संस्था विकतात तेव्हा त्यांच्याकडे भांडवल, हेजिंग (तोटा मर्यादित ठेवणारे उलटे सौदे) आणि अल्गोरिदम (आपोआप सौदे करणारे संगणकी प्रोग्राम) असतात. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूकदार संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि प्रोप्रायटरी ट्रेडरांच्या (स्वतःच्याच पैशावर सौदे करणाऱ्या कंपन्यांच्या) नफ्यातला ९६ टक्के हिस्सा अल्गो ट्रेडिंगमधून आला, हेही सेबीच्याच अभ्यासात आहे. ग्रुपवरच्या सरांनी ते सांगितलं नव्हतं.

निफ्टीचा एक लॉट विकायला सुमारे दोन लाख मार्जिन लागत होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याने मोबाइल अ‍ॅपवरून तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज घेतलं. व्याज २४ टक्के, मुदत तीन वर्षं, हप्ता ११,७६९ रुपये. पैसे अर्ध्या तासात खात्यावर आले. हा दुसरा निर्णयाचा क्षण, आणि तो घरात कोणालाच कळला नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये काही आठवडे बरे गेले, काही वाईट. ३१ मार्चला २०२४-२५ चा हिशेब लागला तेव्हा शुल्कासकट २,३८,००० रुपये तोटा होता. शुक्रवारी, ४ एप्रिलला, त्याने निफ्टीचा २२,४०० चा पुट एक लॉट विकला, म्हणजे निफ्टी त्याच्या फार खाली गेली तर तोटा याचा. निफ्टी २२,९०४ वर बंद झाली होती, पाचशे अंकांचं अंतर होतं. हातात आले साडेतीन हजारांच्या आसपास. अमेरिकेच्या आयातशुल्काच्या बातम्यांनी जगभरचे बाजार हादरले आणि सोमवारी, ७ एप्रिलला, निफ्टी उघडतानाच हजारापेक्षा जास्त अंकांनी खाली आली. स्टॉप लॉस (ठरावीक भावाला आपोआप बाहेर पडण्याची ऑर्डर) लावला होता, पण मधले भाव आलेच नाहीत तर स्टॉप लॉस काय करणार? बाहेर पडायला पन्नास हजारांच्या आसपास मोजावे लागले. वाईट याचं की दिवसअखेर निफ्टी बरीच सावरून २२,१६१ वर बंद झाली; तळाजवळ घाबरून बाहेर पडलेल्यांत हा होता.

त्या रात्री त्याने आईला विचारलं, "टपालातली तुझी ठेव मोडायची का? तीन महिन्यांत परत टाकतो." आईने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही, पुण्याला फोन केला. आमच्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक प्रकरणांत घरच्यांना कळतं ते ठेव गेल्यावर. इथे ठेव वाचली ती त्या फोनमुळे.

समोरचे पर्याय

दोघे भाऊ आले तेव्हा टेबलावर चार गोष्टी होत्या.

धाकट्याला हवी होती ‘रिकव्हरी’. "दादा, फक्त एकदा रिकव्हर होऊ दे, मग मी अ‍ॅपच काढून टाकतो." त्यासाठी आईची ठेव किंवा थोरल्याकडून दोन लाख. हा पर्याय मोडून काढायला युक्तिवाद कामाचा नव्हता. मी त्याच्याच वहीतले गेल्या बारा महिन्यांचे महिनावार आकडे शुल्कासकट मांडले. दोनच महिने नफ्याचे निघाले, आणि त्या दोन्हींचा नफा मिळून कर्जाचा एक हप्ताही भरला नसता.

दुसरा पर्याय त्याने जरा दबकत सांगितला. बाजारपेठेतला एक जण पूर्वीच्या छोट्या लॉटमध्ये निफ्टी ‘लावून घेतो’. डिमॅट नको, मार्जिन नको, शुल्क नको, शनिवारी रोख हिशेब. हा डब्बा. सौदा एक्स्चेंजवर जातच नाही, समोरच्या माणसाच्या वहीत राहतो. तो गुन्हा आहे, आणि जिंकलात तर पैसे मिळतील याची हमी कोणाचीच नाही. नियमित बाजारातलं तिकीट महाग झालं की हा धंदा गिऱ्हाईक शोधत येतो, हे सेबीच्या नियमांचं कौतुक करताना विसरून चालणार नाही.

तिसरा थोरल्याचा. फोन काढून घ्यायचा, पासवर्ड बदलायचा, पगार आईच्या खात्यात वळवायचा. त्याचा संताप समजण्यासारखा होता. पण २८ वर्षांच्या माणसाचं खातं दुसऱ्याने चालवणं नियमात बसत नाही, आणि नवं डिमॅट उघडायला आजकाल एक दुपार पुरते. कुलूप त्याने स्वतः लावलं तरच टिकेल, यावर मी अडून राहिलो. तासभर वाद झाला. शेवटी वहिनींनी फोनवरून थोरल्याला गप्प केलं.

चौथा: सेगमेंट बंद, कर्जाची फेररचना, विवरणपत्र नीट भरणं, आणि ग्रुपची तक्रार.

काय केलं

धाकट्याने माझ्यासमोर बसून ब्रोकरला ईमेल लिहिला आणि डेरिव्हेटिव्ह (म्हणजे एफ अँड ओ) सेगमेंट बंद करून घेतला. तेव्हा कळलं की दुसऱ्या एका ब्रोकरकडेही त्याचं खातं आहे, ग्रुपच्या लिंकवरून उघडलेलं. ते पूर्णच बंद केलं. एकच खातं विचारून थांबू नये. अशा माणसाकडे सहसा दोन-तीन असतात.

कर्जाची थकबाकी जूनअखेर सुमारे २,७०,००० होती. मुदतीआधी फेडायला चार टक्के आणि जीएसटी, म्हणजे जवळपास १३,००० वरखर्च. थोरल्याने ९०,००० घातले. बाकीसाठी कारखान्याच्या कामगार पतसंस्थेने १२ टक्क्यांनी १,९५,००० दिले, तीन वर्षांसाठी, दोन सहकारी जामीन. हप्ता ६,४७७. थोरल्याला दरमहा ३,००० परत. एकूण ओझं ११,७६९ वरून साडेनऊ हजारांच्या खाली आलं. फार मोठा फरक नाही, पण आईची ठेव शाबूत राहिली.

विवरणपत्राचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक फसतात. एफ अँड ओचा तोटा हा सट्ट्याबाहेरचा व्यवसायातला तोटा धरतात. त्यासाठी आयटीआर-३ लागतो. धाकट्याने २०२३-२४ साठी पगारदारांचा साधा आयटीआर-१ भरला होता, त्यात हा तोटा दाखवलाच नव्हता. सुधारित विवरणपत्राची वाढवलेली मुदतही १५ जानेवारी २०२५ ला संपली, आणि तोटा दाखवायला अपडेटेड रिटर्न चालत नाही. तो १,४६,००० चा तोटा पुढे ओढायचा हक्क गेला. २०२४-२५ चा २,३८,००० वेळेत दाखवला, तो आठ वर्षं पुढे नेता येईल. मात्र पगारातून वजा होणार नाही, कॅड ड्रॉइंगच्या कमाईतून होईल. ‘तोटा टॅक्समध्ये निघतो’ असं ग्रुपवर सांगत. याच्या उत्पन्नावर मुळात करच लागत नाही, तर निघणार कशातून?

ग्रुपवाल्याचं नाव सेबीच्या नोंदणीकृत सल्लागार आणि रिसर्च अ‍ॅनालिस्टांच्या यादीत शोधलं. नव्हतं. सेबीकडे आणि सायबर पोलिसांकडे तक्रार नोंदवली.

निष्पन्न

हप्ते वेळेवर जात आहेत. बारा हजारांची फी परत आलेली नाही. ग्रुप नाव बदलून चालू आहे.

जुलै २०२५ मध्ये एक वेगळंच वळण आलं. ३ जुलैला सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. बँक निफ्टीच्या एक्स्पायरीच्या दिवशी निर्देशांक हलवून ऑप्शनमध्ये नफा मिळवल्याचा आरोप, आणि ४,८४३ कोटींची रक्कम जप्त. कंपनीने आरोप नाकारले आहेत. धाकट्याने तो आदेश मला रात्री अकराला पाठवला. "सर, बघा, आमचे पैसे यांनी नेले." त्याचा राग खोटा नाही, तो त्याच दिवसांत बँक निफ्टी खेळत होता. पण मी त्याला त्याच्याच उताऱ्यातला शुल्काचा आकडा परत पाठवला. जेन स्ट्रीट असती-नसती, ते ५८,००० गेलेच असते.

त्याच महिन्यात सेबीचा नवा अभ्यास आला. २०२४-२५ मध्येही ९१ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, आणि एकूण निव्वळ तोटा ७४,८१२ कोटींवरून १,०५,६०३ कोटींवर. नियम वर्षाच्या मध्याला लागू झाले, म्हणून या आकड्यावरून ते फसले असं म्हणता येत नाही. डिसेंबर ते मे या काळात ट्रेडरांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा २० टक्क्यांनी घटली होती, तेही याच अभ्यासात आहे.

ऑक्टोबरमध्ये त्याने सेगमेंट पुन्हा सुरू करण्याचा अर्ज अर्धा भरला. ब्रोकरचं अ‍ॅप दर आठवड्याला ‘तुमचा एफ अँड ओ सेगमेंट बंद आहे, सुरू करा’ अशी सूचना पाठवत होतं. अर्जात काय मागितलं? सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. ते डाउनलोड करताना कर्जाचे हप्ते एकाखाली एक दिसले आणि त्याने अर्ज सोडून दिला, असं त्याने स्वतःहून भावाला सांगितलं.

वेगळं काय करता आलं असतं

दक्षिण कोरियाने २०१२ मध्ये कोस्पी २०० या आपल्या निर्देशांकाच्या ऑप्शनचा गुणक (एका अंकाची किंमत) एक लाख वॉनवरून पाच लाखांवर नेला, म्हणजे करार एका फटक्यात पाचपट मोठा केला. उलाढाल कोसळली. २०१७ मध्ये गुणक निम्म्यावर, अडीच लाखांवर आणावा लागला. करार मोठा करणं हे सोपं आणि झटपट हत्यार आहे, पण त्याला समोर कोण आहे हे दिसत नाही. चाळीस लाखांचा पोर्टफोलिओ असलेला निवृत्त माणूस आणि ३४,००० पगाराचा मुलगा यांना ते एकाच मापाने मोजतं, आणि कर्ज काढून आलेल्याला आत घेतं.

सहा उपायांत ग्राहकाच्या ऐपतीची किंवा समजुतीची चाचणी नव्हती. मला वाटतं, खरी फट तिथे आहे. ब्रोकरकडे त्याच्या प्रत्येक ट्रेडचा आकडा होता आणि उत्पन्नाचा पुरावाही. वर्षाचा तोटा जाहीर उत्पन्नाच्या एका ठरावीक हिश्शावर गेला की सेगमेंट आपोआप थांबावा आणि नव्याने पुरावा द्यावा लागावा, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. स्वतःहून बंद केलेला सेगमेंट सहा महिने उघडूच नये, आणि त्या काळात जाहिरातवजा सूचना पाठवायला बंदी असावी. लॉगिनच्या इशाऱ्यातही देशभराच्या सरासरीऐवजी त्या ग्राहकाचाच, शुल्कासकट, गेल्या बारा महिन्यांचा आकडा दाखवावा. धाकट्याला ‘दहापैकी नऊ’ दोन वर्षं दिसत होतं. ‘तुमचे १,४६,००० गेले आहेत’ हे त्याने पहिल्यांदा वाचलं ते माझ्या ऑफिसात, पंधरा महिने उशिरा.

कर्जाच्या बाजूला तर काहीच आडवं आलं नाही. तीन लाख बँक खात्यात आले आणि दुसऱ्या दिवशी तसेच्या तसे ब्रोकरकडे गेले. कर्ज देणारा एका नियामकाखाली, ब्रोकर दुसऱ्याच्या. दोन्हीकडची कागदपत्रं नियमाप्रमाणे पूर्ण होती.